दुधाला पावती, मग भाजीला का नाही?

२०२३ सालचा टोमॅटो कुठलीही गृहिणी इतक्यात विसरणार नाही. त्या वर्षी मे महिन्यात नाशिक, नारायणगाव भागात टोमॅटोला किलोमागे दोन-तीन रुपयेही मिळेनात, तेव्हा शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. कुणी उभ्या पिकात नांगर घातला. जुलैत त्याच टोमॅटोनं शंभरी ओलांडली, काही शहरांत तो दोनशेवर गेला. शेवटी केंद्र सरकारला महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्रातून टोमॅटो विकत घेऊन दिल्लीत ९० रुपये किलोनं विकायची वेळ आली. आपण घरोघरी आमटीत चिंच, आमसूल घालून दिवस काढले. आणि सप्टेंबरमध्ये? भाव पुन्हा कोसळला, टोमॅटो पुन्हा रस्त्यावर आला! पाच महिन्यांत शेतकरीण दोनदा रडली आणि मधल्या काळात गृहिणी रडली.

अशा वेळी आपल्याकडे एक उत्तर तयारच असतं, ‘मधले दलाल खातात हो सगळं.’ त्यात तथ्य नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधात हिशोब मांडला होता. आपण टोमॅटोसाठी एक रुपया मोजतो तेव्हा शेतकऱ्याच्या हातात साधारण ३३ पैसे पडतात. कांद्यात ३६ पैसे आणि बटाट्यात ३७ पैसे. पण मैत्रिणींनो, उरलेले ६७ पैसे सगळेच काही कुणाच्या खिशात जात नाहीत. त्यात टेम्पोचं भाडं असतं, हमाली असते, आणि नासलेला, दबलेला मालही असतो. लुधियानाच्या केंद्रीय संशोधन संस्थेनं २०१५ साली काढलेल्या आकड्यांप्रमाणे टोमॅटोचा बारा टक्क्यांहून जास्त माल काढणीपासून विक्रीपर्यंत वाया जातो. म्हणजे शंभर किलोतले बारा किलो कुणाच्याच पोटात जात नाहीत, पण त्याचे पैसे मात्र आपण आणि शेतकरी मिळून भरतो.

हे नुकसान आणि ही भावाची घसरगुंडी होते कशामुळे? पाऊस, ऊन, रोग ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण आहे, ज्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. शेतातून स्वयंपाकघरापर्यंत भाजी येते, पण तिच्याबरोबर तिची माहिती येत नाही. आणि स्वयंपाकघरातली माहिती तर शेतापर्यंत कधीच जात नाही.

कुणाला काय माहीत असतं?

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या गावांतून रोज माळवं कोल्हापुरात येतं. गवारी असो, भेंडी असो की ढबू मिरची, तोडणीला बहुतेक ठिकाणी बायकाच असतात. तोडायचं, निवडायचं, पेंड्या बांधायच्या, बुट्ट्या भरायच्या, हे सगळं त्यांचं काम. माल टेम्पोत चढला की पुढचा ताबा दुसऱ्यांचा. मार्केट यार्डात सौदे होतात, किरकोळ विक्रेते माल उचलतात आणि तो कपिलतीर्थ, लक्ष्मीपुरीच्या मंडईत येतो. तिथे विकायला पुन्हा बायका, विकत घ्यायलाही आपण बायकाच!

आता या साखळीत कुणाला काय ठाऊक असतं ते बघा. तोडणाऱ्या बाईला माहीत असतं की फवारणी कधी झाली, माल आज सकाळचा आहे की कालचा, आणि पुढच्या आठवड्यात किती निघेल. अडत्याला माहीत असतं की आज किती गाड्या आल्या, गोव्याहून, बेळगावहून, मुंबईहून मागणी काय आहे. मंडईतल्या मावशींना माहीत असतं की कुठली भाजी दुपारपर्यंत संपली आणि कुठली संध्याकाळी गुरांना घालावी लागली. आपल्याला माहीत असतं की घरात काय खपतं आणि सणासुदीला काय लागणार आहे. प्रत्येकीकडे एक तुकडा. हे तुकडे एकत्र जोडणारं मात्र कुणी नाही.

ज्याच्याकडे सगळ्यात जास्त तुकडे जमतात तो साहजिकच सगळ्यात भक्कम राहतो. तो आहे मधला व्यापारी. त्याला राक्षस ठरवायचं कारण नाही. रात्री दोनला उठून तोही राबतो, अडीअडचणीला शेतकऱ्याला उचल देतो. पण फोन त्याच्याकडे येतात आणि ही माहिती हेच त्याचं भांडवल असतं. ती त्यानं आपण होऊन वाटावी अशी अपेक्षा धरणं भाबडेपणाचं आहे. ती वाटली जाईल अशी व्यवस्थाच करायला हवी.

माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारी पट्टी हा त्या व्यवस्थेचा एक भाग आहे. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई, भाडं आणि हातात पडणारी रक्कम असते. पण ही पट्टी घरातल्या किती बायकांनी वाचलेली असते? २०१६ साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम केला. तरी पट्टीवर वेगळ्या नावानं काही कापलं जातंय का, हे बघायचं तर पट्टी घरात यायला हवी आणि कुणीतरी ती वाचायला हवी.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला. फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक मिळाली. शेतकऱ्याला दुसरा दरवाजा मिळाला, हे चांगलंच झालं. पण आवाराबाहेरचा सौदा समितीच्या वहीत येत नाही. त्यामुळे आज गावाच्या वेशीवर कुणी कुणाला काय भावानं माल दिला, याची नोंद कुठेच राहत नाही. मोकळीक वाढली आणि नोंद घटली, असा हा प्रकार आहे.

दुधाचं गणित

आता जरा दुधाकडे बघू या. आपल्या कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको! १९६३ साली जिल्हा सहकारी दूध संघ, म्हणजे आपलं ‘गोकुळ’ स्थापन झालं आणि गावोगावच्या दूध संस्थांतून दूध गोळा होऊ लागलं. दूध तर भाजीपेक्षाही नाशवंत. सकाळचं दूध तापवलं नाही, गार केलं नाही तर दुपारी फाटणार. तरीही त्याचा व्यवहार किती चोख बसलाय बघा. बाई किटली घेऊन संस्थेत जाते. दूध मोजलं जातं, नमुना काढला जातो, मशीनवर फॅट आणि एसएनएफ लागतं. म्हशीचं ६ फॅट आणि ९ एसएनएफ, गाईचं ३.५ आणि ८.५ हा पाया धरून दराचा तक्ता असतो आणि तो भिंतीवर लावलेला असतो. हातात पावती पडते. दर दहा दिवसांनी बिल. शाळेत न गेलेली आजीसुद्धा सांगते, ‘आज फॅट कमी लागली, म्हशीला पेंड कमी पडली बघ.’

म्हणजे काय झालं? माहिती दोन्ही बाजूंनी गेली. संघाला कळलं की कुठल्या गावातून किती आणि कसं दूध आलं. आणि त्या आजीला कळलं की तिच्या गोठ्यात काय सुधारायचंय. दुधाचा पैसा घरातल्या बाईच्या हातात जास्त टिकतो असं म्हणतात. त्याला हे रोजच्या पावतीचं कारणही आहे. हिशोब तिला दिसतो, म्हणून तो तिचा होतो.

सगळं आलबेल आहे असं कुणी म्हणणार नाही. काट्यात मारलं, फॅट कमी दाखवली अशा तक्रारी गावागावांत होतात. पण तक्रार करता येते, कारण हातात पावती असते! भाजीच्या बाबतीत तक्रार करायलाही कागद नसतो.

दूध आणि भाजी यांत फरक आहे, हेही मान्य करायला हवं. दुधाची प्रत दोन आकड्यांत मावते. वांग्याची कशी मापणार? कोवळेपणा, रंग, डाग, आकार, प्रत्येकाची नजर वेगळी. शिवाय आणलेलं दूध घ्यायला संस्था रोज बांधलेली आहे, भाजीला असा हक्काचा दरवाजा नाही. त्यामुळे दुधाची व्यवस्था जशीच्या तशी उचलून भाजीला लावता येणार नाही. पण वजन, भाव, तारीख आणि कपात एवढ्या चार गोष्टी कागदावर यायला कोणती अडचण आहे?

वारणेचा धडा

माहितीचा असा प्रयोग आपल्या जिल्ह्यानं देशात फार लवकर केला होता. १९९८ साली वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत संगणक बसवले. तेव्हा अनेक शहरी घरांतही संगणक नव्हता, म्हणून देश-परदेशातली माणसं बघायला येत होती. बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी कागदपत्रं, सगळं गावात मिळणार असं स्वप्न होतं.

प्रत्यक्षात संगणकांचा मुख्य उपयोग झाला तो उसासाठी. नोंद झाली का, तोड कधी, वजन किती भरलं, खताची उचल किती, बिल किती, हे शेतकऱ्याला गावातच कळू लागलं. बाकीच्या गोष्टी फारशा रुजल्या नाहीत. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर एसएमएसनं हीच माहिती द्यायचा प्रयोग केला, आणि महागड्या संगणकाचं काम साध्या फोननं निभावलं.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे, माणसाला जगाची माहिती नको असते, त्याच्या स्वतःच्या मालाची हवी असते. ‘आज देशात उसाचं उत्पादन किती’ यापेक्षा ‘माझ्या उसाचं वजन किती भरलं’ हे त्याला आधी कळायला हवं. दुसरी म्हणजे, यंत्र किती भारी आहे याला महत्त्व नाही. साध्या फोनवरचा एक निरोपही पुरतो, पण तो खरा हवा आणि वेळेवर हवा.

भाव कळला, पुढे काय?

२००७ साली महाराष्ट्रात एका मोठ्या वृत्तसंस्थेनं, रॉयटर्सनं, शेतकऱ्यांना मोबाइलवर बाजारभाव आणि हवामान पाठवायची सेवा सुरू केली. तिचा खरंच फायदा होतो का, हे दोन अर्थतज्ज्ञांनी पाच जिल्ह्यांतल्या शंभर गावांत तपासलं. निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आला. ज्यांना निरोप येत होते आणि ज्यांना येत नव्हते, त्यांना मिळालेल्या भावात सरासरी म्हणावा असा फरक दिसला नाही!

आणि याच्या अगदी उलट गोष्ट केरळातली. तिथल्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आला. मासेमार समुद्रातूनच फोन करून विचारू लागले, कुठल्या बंदरावर गिऱ्हाईक आहे? रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञानं त्याचा अभ्यास केला. आधी पाच ते आठ टक्के मासे गिऱ्हाईक नाही म्हणून फेकले जात, ते जवळजवळ थांबलं. मासेमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि गंमत म्हणजे गिऱ्हाइकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली.

एकीकडे फायदा आणि दुसरीकडे काहीच नाही, असं का? विचार केला तर कारण सापडतं. मासेमाराची होडी त्याच्या ताब्यात असते. फोन ठेवला की तो ती दुसऱ्या बंदराकडे वळवू शकतो. आपल्याकडच्या दहा क्रेटवाल्या शेतकऱ्याचं तसं नाही. त्याचा माल पाच जणांच्या सामायिक टेम्पोत चढलेला असतो. अडत्याकडून उचल घेतलेली असते. आणि मोबाइलवर आलेला भाव असतो कालचा. सांगलीत आज दोन रुपये जास्त आहेत हे कळून तो करणार काय?

म्हणून नुसता भाव कळवणं पुरत नाही. भाव कळल्यावर वळता येईल एवढी मोकळीक हवी. ती एकट्या शेतकऱ्याला मिळणं कठीण. पाच-पंचवीस घरांचा गट असेल, स्वतःचा टेम्पो ठरवलेला असेल, अडीअडचणीला बचत गटाचं कर्ज असेल, तर ‘आज माल सांगलीला न्या’ असं म्हणता येतं. नाशिकजवळच्या मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची कंपनी आज नावाजली जाते ती याच कारणानं. तिथे शेतकरी एकत्र आले, म्हणून माहितीचा उपयोग करता आला.

आणि या साखळीत सरकारही येतं बरं का! ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्यावर निर्यातबंदी आली ती अक्षरशः एका रात्रीत. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. ते शुल्क कमी होत होत १ एप्रिल २०२५ ला गेलं. शहरातल्या भावासाठी निर्णय घ्यावे लागतात, हे मान्य. पण चाळीत कांदा साठवून बसलेल्या घराला महिनाभर आधी अंदाज दिला असता तर? ज्यानं कांदा लावला त्याला बातमी सगळ्यात शेवटी कळते, हा न्याय नव्हे.

रोपवाटिकेतली बातमी

टोमॅटोचा भाव दोन महिन्यांनी काय असेल, हे कुणाला आधी कळू शकतं? ज्योतिषाला नव्हे, रोपवाटिकावाल्याला! हल्ली बहुतेक जण टोमॅटो, ढबू, कोबी, वांगी यांची तयार रोपं ट्रेमधून आणतात. शिरोळ-हातकणंगले भागात अशा रोपवाटिका गावोगाव आहेत. टोमॅटोचं रोप लावल्यापासून पहिल्या तोड्यापर्यंत साधारण साठ ते सत्तर दिवस लागतात. म्हणजे या आठवड्यात किती रोपं विकली गेली, हे मोजलं तर दोन महिन्यांनी मंडईत किती माल येणार याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

ही बातमी रोपवाटिकांच्या बिलबुकात पडून असते. तिची बेरीज कुणी करत नाही. मग भाव चढला की सगळेच लावतात, आणि सगळ्यांचा माल एकदम आला की भाव पडतो. भाव पडला की सगळेच मोडतात, आणि पुन्हा टंचाई येते. २०२३ सालची टोमॅटोची गोष्ट बरीचशी अशीच घडली. शेतकऱ्याची हाव म्हणून आपण मोकळे होतो. पण शेजारच्या गावात किती रोपं गेली हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, तर त्यानं ठरवायचं कशावर?

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. नोंद वर जाते. पण ती गावात परत यायला हवी ना? ‘आपल्या तालुक्यात यंदा टोमॅटो गेल्या वर्षीपेक्षा जास्त लागलाय, जरा जपून’ असा एक निरोप वेळेत परत आला, तर त्या नोंदीचं सोनं होईल.

परदेशी पाठवायच्या भाजीला नंबर, घरच्या भाजीला?

आता आपल्या ताटातला प्रश्न. ही भाजी फवारल्यावर किती दिवसांनी तोडली? औषधाच्या डब्यावर तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. डब्यावर चौकटीत रंगाचा त्रिकोणही असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पण डबा शेतात राहतो, भाजी आपल्याकडे येते.

हे शोधून ठेवणं अशक्य आहे का? मुळीच नाही. शेजारच्या तासगाव, पलूस, मिरजेच्या द्राक्षबागायतदारांना विचारा. २००६ सालापासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी ‘ग्रेपनेट’ आहे. प्रत्येक बागेला नंबर, फवारणीची नोंद, प्रयोगशाळेत नमुन्याची तपासणी, आणि अंश जास्त सापडला तर त्या बागेचा माल तिथेच थांबतो. त्यातूनही २०१० साली एका वाढरोधक रसायनाचा अंश युरोपात सापडला, कंटेनर अडकले आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. त्यातून धडा घेऊन तपासणी आणखी कडक झाली. पुढे अशीच व्यवस्था डाळिंब, आंबा आणि परदेशी जाणाऱ्या भाजीपाल्यासाठीही आली.

म्हणजे लंडनच्या बाईला तिच्या द्राक्षाची बाग कुठली ते शोधता येतं. आणि आपल्या पोराच्या डब्यातल्या भेंडीचं गाव आपल्याला माहीत नाही! युरोपनं मागितलं म्हणून त्यांना मिळालं. आपण कधी मागितलंच नाही. शिवाय ही माहिती खाणारीइतकीच तोडणारीलाही हवी. काल फवारलेल्या वाफ्यात आज उघड्या हातांनी तोडणी करणारी आपलीच कुणीतरी बहीण असते.

फोन कुणाच्या हातात?

हे सगळं मोबाइलवर आणू असं म्हणणं सोपं आहे. पण मोबाइल कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या आकड्यांनुसार, देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा फोन होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया तर ३३ टक्केच. सात-बारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर, म्हणून नोंदणीतला नंबर त्यांचा आणि निरोपही त्यांनाच. तोडणी बाईची, निवड बाईची, कुठलं वांगं किडकं आहे हे ओळखणारी नजर बाईची, आणि भावाचा निरोप मात्र पारावर बसलेल्याच्या खिशात! तो घरी येऊन सांगेल तेव्हा सांगेल.

म्हणून पट्टीवर, नोंदणीत, गटाच्या यादीत घरातल्या बाईचा नंबर दुसरा म्हणून तरी लावून घ्यायला हवा. ही भांडणाची गोष्ट नाही. दोघांना कळलं तर घराचाच फायदा आहे.

मग करायचं काय?

मोठमोठ्या योजनांची वाट न बघता करण्यासारख्या काही गोष्टी आहेत.

शेती असलेल्या मैत्रिणींनी पट्टी घरी मागावी. वजन, भाव, प्रत्येक कपात एका वहीत उतरवावी. दोन महिन्यांची वही झाली की कुठल्या वारी भाव बरा मिळतो, कुठे कपात जास्त होते ते आपोआप दिसायला लागतं. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर असतात. ते क्विंटलचे असतात, शंभरानं भागलं की किलोचा भाव निघतो. घरातल्या कॉलेजच्या पोराला एवढं काम सांगायला हरकत नाही.

रोपं आणताना रोपवाटिकेत विचारावं, ‘यंदा आमच्या बाजूला किती गेली वो?’ नावं नकोत, नुसता आकडा हवा. चार गावांतल्या बचत गटांनी हे आकडे दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले, तरी खूप होईल. फवारणीची तारीख आणि औषधाचं नावही त्याच वहीत लिहावं.

शहरातल्या मैत्रिणींसाठी तर एक सोपी गोष्ट आहे. मंडईच्या दारात एक फळा हवा. त्यावर बाजार समितीतला त्या दिवशीचा घाऊक भाव, किलोच्या हिशोबात. मंडईतल्या मावशींना याची भीती वाटेल, आणि ती खोटी नाही. ‘यार्डात वीस आणि तू पस्तीस कशी लावतीस?’ असं म्हणून सगळ्या त्यांच्याशीच भांडतील. पण वीसचे पस्तीस होतात त्यात गाडीभाडं असतं, नासलेला माल असतो, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत बसलेल्या बाईची मजुरी असते. तेही फळ्यावर लिहावं. काचेच्या दुकानात छापील किमतीला आपण मुकाट्यानं पैसे देतो आणि जमिनीवर बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. माहितीचा उपयोग सगळ्यात गरीब दुव्याला पिळायला होणार असेल, तर ती नसलेली बरी.

आणि आपल्याकडचा तुकडाही आपण द्यायला हवा. बिल्डिंगमधल्या वीस घरांनी गुरुवारी व्हॉट्सअॅपवर लिहून दिलं की शनिवारी किती किलो काय लागेल, तर जवळच्या गावातला बचत गट तेवढंच तोडेल. तोडलेलं वाया जाणार नाही, आपल्याला ताजं मिळेल. टाळेबंदीत अनेक गावांतल्या गटांनी असं करून दाखवलं होतं. सगळं सुरळीत झाल्यावर आपणच ते विसरलो.

महापुराची आठवण तर कोल्हापूरकरांना द्यायलाच नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा पुराच्या एका अंगाला माळवं कुजतं आणि दुसऱ्या अंगाला मिळत नाही, हे आपण पाहिलंय. अशा दिवसांत कुठल्या गावात किती माल आहे आणि कुठला रस्ता चालू आहे, एवढी यादी तालुक्याला तयार असायला हवी. ती पूर आल्यावर बनत नाही, आधीपासून लिहायची सवय असावी लागते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा आपल्या राज्याचा कायदा आहे. बऱ्याच ठिकाणी ती नुसत्या सह्यांवर उरकते. पुढच्या खेपेला सही करण्याआधी एक विषय मांडून बघा, ‘दूध संस्थेत दराचा तक्ता लागतो, तसा आपल्या गावात भाजीचा फळा लागावा.’ खर्च एका फळ्याचा आणि खडूच्या पेटीचा. ठराव झाला तर तो लिहून घ्या, आणि फळ्यावर पहिल्या दिवशीचा भाव तुमच्यापैकीच कुणीतरी लिहा.